तेराशे चौऱ्याऐंशी पावलं

पानगळ सुरू झाली की आमच्या घरी पुस्तकांच्या कपाटावर चादर पडायची, आणि पुढचे सहा आठवडे ती निघायची नाही. हा आईचा नियम. या सहा आठवड्यांत जे पिकतं ते आणायचं, खायचं, टिकवायचं. जिथे चालत जाता येईल तिथे जायचं. आणि जे काय शिकायचं ते त्यातूनच. गणित सफरचंदांचं, भूगोल ओढ्याचा, निबंध भोपळ्यावर. मी कधी शाळेत गेले नाही. माझ्या पाठीवर सतरा वर्षांनी झालेली माझी बहीण, तीही गेली नाही. आम्हा दोघींची शाळा म्हणजे स्वयंपाकघरातलं लांब टेबल आणि मास्तरीण म्हणजे आई.

आई मार्चमध्ये गेली.

सप्टेंबरच्या शेवटी शिक्षण खात्याचं पत्र आलं. घरी शिकणाऱ्या मुलांची वार्षिक तपासणी ऑक्टोबरच्या अखेरीस होईल. ज्या पालकाच्या नावे परवानगी आहे ते हयात नसल्यामुळे, घरचं शिक्षण पुढे चालू ठेवायचं की मुलीला शाळेत दाखल करायचं, याचा निर्णय त्या वेळी घेतला जाईल. बाबांनी पत्र मला फोनवर वाचून दाखवलं. मी त्याच दिवशी सहा आठवड्यांची बिनपगारी रजा टाकली.

मी पाच तासांवरच्या एका शहरात ग्रंथालयात काम करते. जुनी पुस्तकं दुरुस्त करते: फाटलेली पानं जोडणं, सुटलेली शिवण नव्याने घालणं, पुठ्ठे बदलणं. काम मला आवडतं. पण पत्र ऐकलं तेव्हाच मनाशी ठरवलं होतं की आईची शाळा बंद पडू द्यायची नाही. परवानगी माझ्या नावावर करून घ्यायची, नोकरी सोडायची आणि घरी येऊन बहिणीला शिकवायचं. तसा अर्जही लिहून पाठवून दिला.

"तिला विचारलंस का?" बाबा म्हणाले होते.

"तिला काय विचारायचं? अकरा वर्षांची आहे ती."

बाबांनी विषय तिथेच सोडला. ते एरवीही फार बोलत नाहीत. बाबा वजनकाटे दुरुस्त करतात, दुकानांचे, दवाखान्यांचे, प्रयोगशाळांचे. पुढच्या खोलीत त्यांचं काम चालतं आणि तिथे सगळ्यांनी दबक्या पावलांनी जायचं असतं, कारण नाजूक काट्याला जमीन हललेलीही समजते.

बहिणीला घरात सगळे टिंबू म्हणतात. वाक्य संपलं असं सगळ्यांना वाटलं आणि मग ही झाली, म्हणून टिंब, असं आई सांगायची.

मी आले त्या दिवशी टिंबू फाटकापाशी उभी होती. वर्षभरात चांगली चार बोटं उंच झाली होती. तिने माझी बॅग घेतली, दोन पावलं चालली आणि खाली ठेवली.

"दगड भरून आणलेस का?"

"पुस्तकं आहेत."

"सहा आठवडे पुस्तक उघडायचं नाही, ताई. तुला माहीत आहे ना?"

"ती माझी आहेत. मला तयारी करायची आहे."

तिने माझ्याकडे बघितलं आणि बॅगेचा एक बंद धरला. दुसरा मी धरला.

दुसऱ्या दिवशी मी कपाटावर चादर टाकली. आई टाकायची तीच, निळ्या चौकटींची. टिंबूने तिचं एक टोक नीट केलं.

पहिला आठवडा आम्ही सफरचंदांवर घालवला. गावाबाहेरच्या बागेत जाऊन दोघींनी स्वतःच्या हाताने वीस किलो तोडून आणली. मी आदल्या रात्री बसून प्रश्न काढले होते: एका फांदीला सरासरी किती फळं, किडकी किती टक्के, कुठल्या दिशेची लाल जास्त. टिंबूने सगळे सोडवले. एकही चुकला नाही. दर उत्तरानंतर ती मान वर करून माझ्या तोंडाकडे बघायची आणि मी "छान" म्हणायचे. शाबासकी हवी असेल, असं मला वाटलं.

घरी आल्यावर आम्ही सफरचंदांच्या चकत्या केल्या, दोऱ्यात ओवल्या आणि चुलीच्या वर आडव्या बांधल्या. हा आईचा जुना धडा. एका माळेचं वजन रोज सकाळी करायचं आणि सफरचंदात किती पाणी असतं ते शोधून काढायचं. माळ घेऊन आम्ही बाबांच्या खोलीत गेलो.

"चपला बाहेर," बाबा मान वर न करता म्हणाले.

"काढल्यात."

"श्वास?"

"तोपण बाहेर ठेवू का?" टिंबू म्हणाली.

बाबा हसले. मार्चनंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना ऐकत होते. त्यांनी माळ पारड्यात ठेवली, काटा थांबेपर्यंत वाट पाहिली आणि आकडा सांगितला. टिंबूने तो वहीत लिहिला. "तुझी आई माळ आणायची ना," ते मला म्हणाले, "तर एक चकती हमखास कमी असायची. रोज एक. मग म्हणायची, बघा, किती भराभर वाळतंय."

"मला माहीत आहे," टिंबू म्हणाली. "ती अर्धी मला द्यायची."

त्या आठवड्यात आम्ही भोपळ्याचं सूप केलं, मशरूम तव्यावर परतले, नासपतीचा जॅम केला. जॅम जरा करपला. मी पातेल्याचा तळ खरवडत असताना टिंबूने विचारलं, "आईचा कधी करपला होता का?"

"दरवर्षी."

"खोटं."

"दरवर्षी करपायचा आणि ती त्याला भाजका जॅम म्हणायची. विचार बाबांना."

तिने जाऊन विचारलं. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर थोडं समाधान होतं, आणि तिने करपलेला भागही पावावर लावून घेतला.

तपासणीला दहा दिवस राहिले तेव्हा मी नकाशे काढले.

हे नकाशे म्हणजे आईच्या शाळेतली सगळ्यात जुनी गोष्ट. दर पानगळीत एकदा आम्ही ओढ्याच्या काठाने अक्रोडाच्या झाडापर्यंत चालत जायचो आणि त्या वाटेचा नकाशा नव्याने काढायचो. अंतर मोजायचं पावलांनी, आणि तेही घरातल्या सगळ्यात लहान माणसाच्या. बाबांना हे अजिबात पटायचं नाही. "मी एका ग्रॅमच्या शंभराव्या भागासाठी डोळे फोडतो," ते म्हणायचे, "आणि या घरात रस्ता पोरीच्या तंगड्यांनी मोजतात." आई म्हणायची, "तुमची मापं तुमच्या खोलीत ठेवा. मला रस्ता नाही, पोरगी मोजायची आहे."

मी सहा वर्षांची असताना पुलापासून झाडापर्यंत अकराशे चाळीस पावलं होती. बारा वर्षांची असताना आठशे दहा. टिंबूचेही नकाशे होते: सहाव्या वर्षी अकराशे तीस, मग एक हजार साठ, एक हजार दहा, नऊशे पासष्ट. तपासनीस बाईंना दाखवायला याहून चांगलं काय मिळणार? मी मोठा आलेख कागद घेतला. दोघी बहिणींची वाढ एकाच कागदावर, माझी लाल रेघ, तिची निळी. शिक्षण कशाला म्हणतात, हे कुणालाही एका नजरेत कळलं असतं.

शेवटचा ठिपका देताना माझा हात थांबला.

"टिंबू, हे काय आहे?"

"कुठलं?"

"मागच्या वर्षीचं. तेराशे चौऱ्याऐंशी?"

"हो."

"अगं, नऊशे पासष्टवरून एकदम तेराशे? तू मागच्या वर्षी आखडलीस की काय?"

ती हसली नाही. "तेवढीच होती."

"मोजताना चुकली असशील. होतं असं. पाचशेच्या पुढे गेलं की माणूस परत चारशेवर येतो. मीही चुकले होते एकदा."

"नाही चुकले."

"बाबा, ऐकलंत का?" मी हाक मारली. "हिचा रस्ता वर्षात दीडपट झाला."

पुढच्या खोलीतून बाबांचा आवाज आला. "काटा असा उडाला तर आधी काट्याला नावं ठेवू नयेत. पारड्यात काय आहे ते बघावं."

मी ते मनावर घेतलं नाही. आकडे गणिताने काढता येतात. आधीच्या वर्षांवरून दहाव्या वर्षी नऊशे वीस यायला हवेत. मी नकाशावरचा आकडा खोडला, बाजूला पेन्सिलने ९२० लिहिलं आणि आलेखावर ठिपका तिथे दिला. निळी रेघ सुंदर उतरत गेली.

सकाळी उठून बघते तर नकाशावरचं ९२० पुसलेलं होतं. तिथे शाईने १३८४ लिहिलं होतं, इतकं दाबून की कागद फाटला होता. टिंबू टेबलाशी बसली होती. समोरच्या पावाला हात लावला नव्हता.

"हे तू केलंस?"

"तू माझा आकडा खोडलास."

"कारण तो चुकीचा आहे. हे बघ, बाई येणार आहेत. त्यांच्यासमोर एक आकडा असा वेडावाकडा ठेवला तर बाकीच्या वर्षांवरही त्यांचा विश्वास बसणार नाही. तुला शाळेत घालतील. आईने एवढं केलेलं सगळं..."

"मग नको ठेवूस."

"हट्ट कसला करतेस?"

"तुला काही माहीत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तरी पुढच्या खोलीतला कानशीचा आवाज थांबला. "तू नव्हतीस."

तिने उठून दाराजवळचे बूट पायांत घातले.

"चल. मोजून दाखवते."

ओढ्यावरचा पूल आमच्या घरापासून पाच मिनिटांवर आहे. पानं बरीच गळली होती, आदल्या दिवशीच्या पावसाने ती वाटेला चिकटून बसली होती. पुलाच्या शेवटच्या खांबाशी टिंबू थांबली.

"माझा हात धर."

मी धरला.

"असा नाही. इथे, कोपराच्या वर. आणि भार टाक."

"किती?"

"अजून. अजून टाक. हं. आता चाल. हळू. मी थांबेन तिथे थांबायचं."

ती मोजू लागली. तोंडातल्या तोंडात, पण मला ऐकू येईल असं. तिची पावलं अगदी लहान होती. एका पायाची टाच दुसऱ्याच्या चवड्याच्या जेमतेम पुढे पडत होती. तिच्या हातावर रेलून तिच्या पुढे जाणं शक्यच नव्हतं, म्हणून माझीही पावलं तेवढीच झाली.

"एकशे एकेचाळीस. थांब. इथे शेवाळं."

"कसलं शेवाळं?"

"इथे आईने शेवाळं शिकवलं. दगडाच्या कुठल्या अंगाला जास्त धरतं आणि का. मला ते सात वर्षांची होते तेव्हापासून येतं."

आम्ही दगडाशी उभ्या राहिलो. तिने मनातल्या मनात काहीतरी मोजलं आणि म्हणाली, "चल."

दोनशे साठला ती एका झाडाच्या सालीपाशी थांबली. तीनशे पंचाण्णवला ओढ्यातल्या गोट्यांपाशी, ते गुळगुळीत का होतात. चारशे ऐंशीला काहीच नव्हतं, नुसती वाट. "इथे तिने ढग शिकवले," टिंबू म्हणाली.

"त्या दिवशी आई बरंच शिकवत होती," मी म्हणाले.

"अकरा धडे."

"आणि एरवी?"

"एरवी एकही नाही. एरवी ती पुढे चालायची आणि म्हणायची, बडबड कमी, मोजणी चुकेल."

मला आईचा आवाज ऐकू आला. माझ्याही लहानपणी ती नेमकं हेच म्हणायची, मागे वळून न बघता. मी तिच्या पाठीमागे धापा टाकत मोजत असायचे.

सहाशेच्या आसपास एक पडलेला ओंडका आहे. टिंबू त्याच्यावर बसली आणि तिने मलाही बसवलं. माझ्या हाताखाली तिचा दंड गरम झाला होता.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"दुसऱ्या धड्याला. ती सालीकडे बघतच नव्हती. ओठ घट्ट मिटून नाकाने श्वास घेत होती. आणि मग एकदम हसून मला प्रश्न विचारला."

"मग?"

"मग मी उत्तर दिलं. लांबलचक दिलं. म्हणजे तिला वेळ मिळेल." तिने ओंडक्याची एक ढलपी काढली. "आणि पावलं छोटी केली. मी नेहमीसारखी टाकली असती तर तिला ओढत नेल्यासारखं झालं असतं."

"मला फोनवर का नाही सांगितलंस?"

"ती म्हणाली, ताईची पुस्तकांची मोजदाद चालली आहे, तिच्या डोक्याला घोर नको. म्हणाली, डॉक्टरांकडे जाऊन येते, मग सांगू. बाबांनाही नंतरच सांगितलं."

मला तो फोन आठवला. मी उभ्या उभ्या बोलत होते, हातात याद्या होत्या. या वर्षी जमणार नाही, असं म्हणाले होते. आई म्हणाली, नको येऊस, अक्रोड पाठवते. आठवड्याने खोकं आलं. मी ते कामावर सगळ्यांना वाटले, आणि कुणीतरी म्हणालं, काय गोड आहेत. खोक्यावरचा पत्ता टिंबूच्या अक्षरात होता. मी तेव्हा ते पाहिलं होतं आणि मला वाटलं होतं की आईने तिला अक्षर गिरवायला लावलंय.

आम्ही उठलो. उरलेले धडे टिंबूने सांगितले नाहीत, फक्त त्या त्या जागी थांबली आणि मी थांबले. झाडाच्या बुंध्याला तिचा हात लागला तेव्हा ती म्हणाली, "तेराशे एकाहत्तर."

"तेरा कमी."

"तू आईपेक्षा थोडी लांब टाकतेस," ती म्हणाली.

मग आम्ही अक्रोड वेचले. पिशवी भरली. हिरव्या सालींनी बोटं काळी झाली. पिशवीला गाठ मारताना टिंबूने माझ्याकडे न बघता विचारलं, "शाळेत एका वर्गात किती मुलं असतात?"

"तीस. पस्तीस. का?"

"म्हणजे बाई शिकवतात तेव्हा सगळ्यांकडे बघतात ना? एकीकडेच नाही."

"टिंबू, तुला शाळेत जायचंय?"

तिने पिशवीची गाठ घट्ट ओढली. मग एकदम बोलली, जणू पाठ करून ठेवलं होतं. "घरी मी सारखी आईच्या तोंडाकडे बघायचे. दमली का, दुखतंय का, आता धडा थांबवायचा का. मग तू आलीस. आता तुझ्या तोंडाकडे बघते. तू छान म्हणतेस, पण तुझा चेहरा छान म्हणत नाही. मला मागच्या बाकावर बसायचंय. तिथे बाईंचं तोंड नीट दिसत नसेल."

मी पिशवी हातात घेऊन उभी होते.

"पण तू बाईंना सांगू नकोस," ती घाईने म्हणाली. "तू नोकरी सोडणार आहेस. बाबा म्हणाले. मी घरी राहीन, मला चालेल. आईची शाळा माझ्यामुळे बंद नको पडायला."

परत येताना ती तिच्या नेहमीच्या पावलांनी चालली. मी मागे पडले.

तपासणीपर्यंत मी हे कुणाशी बोलले नाही. अक्रोड सुकवले, भोपळे बाजारातून आणून कोठीत रचले, एका सकाळी आम्ही टेकडीवर जाऊन पक्ष्यांचे थवे पाहिले. टिंबू हसायची, खायची, वहीत नोंदी करायची. ती शाळेबद्दल पुन्हा एक अक्षर बोलली नाही. खरं सांगायचं तर मी मनात हिशेब करत होते की मुलं म्हणतात त्यातलं बरंचसं महिन्याभरात विसरतात. की मी चेहरा सांभाळायला शिकेन. की एकदा परवानगी हातात आली की सगळं बसेल. रोज रात्री मला हे पटायचं. सकाळी टेबलाशी ती मान वर करून माझ्याकडे बघायची.

तपासनीस बाई गुरुवारी अकराला आल्या. सर्दीने बेजार झालेल्या होत्या, एका हातात फाइल आणि दुसऱ्या हातात रुमाल. त्यांनी आल्या आल्या माफी मागितली आणि स्वयंपाकघरात बसायचं का असं विचारलं, कारण तिथे उबदार होतं. मी सूप दिलं. त्यांनी दोन वाट्या घेतल्या.

"मी सकाळपासून तीन घरं फिरले," त्या म्हणाल्या. "कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. सगळ्यांना वाटतं मी मुलं उचलून न्यायला आले आहे."

"नेता का?" टिंबूने विचारलं.

"सूप असं मिळालं तर नेत नाही."

त्यांनी सगळं पाहिलं. सफरचंदाच्या माळेचा तक्ता पाहिला. एक किलोचे शेवटी एकशे नव्वद ग्रॅम उरले होते. त्यांनी वाळलेली चकती खाऊनही बघितली. टिंबूला दहा-बारा प्रश्न विचारले. तिने न अडखळता उत्तरं दिली. मग त्यांनी आलेख उलगडला. निळी रेघ खाली येत होती आणि शेवटी एकदम वर चढत होती. मी तो ठिपका त्याच्या जागी परत दिला होता.

"हे काय झालं?"

टिंबूने माझ्याकडे बघितलं.

"त्या वर्षी आमची आई आजारी होती," मी म्हणाले. "ही तिच्या चालीने चालली."

बाईंनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मग फाइल उघडली.

"कामाबद्दल मला काही शंका नाही," त्या म्हणाल्या. "मुलगी वर्गातल्या मुलांच्या पुढेच आहे. तुमचा अर्ज आलाय, तुम्ही पूर्णवेळ घरी असणार आहात. परवानगी तुमच्या नावावर द्यायला हरकत दिसत नाही. इथे तुमची सही, इथे वडिलांची. वर्षभराची मुदत."

बाबा दारात येऊन उभे होते, हात पुसत. टिंबू टेबलाच्या पलीकडे ताठ बसली होती, हात मांडीखाली. माझ्या तोंडाकडे बघत होती. पेन माझ्यासमोर होतं. मी सही केली असती तर ती त्या टेबलाशी बसली असती, पुढच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्याही, आणि तिने कधीच तक्रार केली नसती.

"तिला शाळेत जायचंय," मी म्हणाले.

बाईंनी रुमाल खाली घेतला. "पण तुमचा अर्ज..."

"तो मी तिला न विचारता लिहिला होता."

"काय गं?" बाईंनी टिंबूला विचारलं. "खरं आहे?"

टिंबूने आधी बाबांकडे बघितलं. बाबांनी मान हलवली, अगदी थोडी. मग ती "हो" म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. आईच्या वेळी मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. बाबा आत आले, तिच्या मागे उभे राहिले आणि तेलकट हात तिच्या केसांना लागू नयेत म्हणून मनगटांनीच त्यांनी तिचं डोकं पोटाशी धरलं.

बाईंनी वाट बघितली. मग म्हणाल्या, "सोमवारपासून जाता येईल. फक्त एक आहे. शाळेला मागच्या ठिकाणचा शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तुमच्यासारख्यांच्या बाबतीत साध्या कागदावर चालतो. तुम्ही लिहा, मी शिक्का मारते."

मी कागद घेतला. बाई मजकूर सांगत गेल्या.

"दाखल झाल्याची तारीख?"

मी बाबांकडे बघितलं.

"जन्मतारीखच लिही," ते म्हणाले.

"प्रगती?"

"चांगली," मी म्हणाले.

"मोठा भागाकार अजून येत नाही तिला," बाबा म्हणाले.

"येतो!" टिंबू नाक ओढत म्हणाली. "मी मुद्दाम हळू करते."

"वर्तणूक?"

मी 'उत्तम' लिहिलं. टिंबूने वाकून बघितलं. "उत्तम नको. तिथे गेल्यावर मग तसंच वागावं लागेल. बरी लिही." मी 'चांगली' लिहिलं.

"शाळा सोडण्याचं कारण?"

पेन तिथे थोडा वेळ थांबलं. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. शेवटी मी लिहिलं: विद्यार्थिनीची इच्छा. खाली बाबांनी सही केली. बाईंनी पिशवीतून शिक्का काढला, त्याच्यावर फुंकर मारली आणि कागदावर दाबला.

टिंबूने शाई वाळेपर्यंत कागद दोन्ही हातांत आडवा धरला. एकदा पूर्ण वाचला.

"ताई, तुला हा कधी मिळाला होता?"

"नाही. मला कुठे पुढच्या शाळेत जायचं होतं?"

"म्हणजे तुझं नाव अजून आईच्या शाळेच्या पटावर आहे."

बाईंनी शिक्का अजून पिशवीत टाकला नव्हता. "हवा असेल तर आत्ताच लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "दोन मिनिटांचं काम आहे."

"नको," मी म्हणाले. "राहू दे."